दोन वर्षांच्या मिशनसेवेला गटाने जाताना: सामानाच्या यादीआधी काय ठरवावं?

सलाम भाऊ.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इंदूरच्या तुमच्या ख्रिस्ती मंडळीतून सहा जण खंडवा जिल्ह्यातल्या खालवा भागात, कोरकू आदिवासींच्या गावांमध्ये दोन वर्षं राहायला निघाला आहात. तुम्ही पती-पत्नी, दोन तरुण भाऊ, दोन अविवाहित बहिणी (त्यातली एक नर्स), शिवाय तुमची चार वर्षांची मुलगी. तिथे आधीपासून काम करणारी एक संस्था तुम्हाला घर देणार आहे. मुलांचे संध्याकाळचे वर्ग घ्यायचे आणि आजाऱ्यांना दवाखान्यापर्यंत पोचवायचं, हे तुमचं काम. जूनमध्ये निघायचं आहे. तुम्ही चाळीस वस्तूंची यादी दिली आहे आणि विचारलं आहे, "यात काय राहिलं?" शेवटी एक ओळ आहे: "पत्नीची थोडी कुरकुर आहे, पण तिथे गेल्यावर रुळेल."

यादी चांगली आहे, तिच्याकडे शेवटी येते. त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण माझ्या अनुभवात गट मोडतात ते अशाच ओळींवर.

माझ्याबद्दल थोडं. मी नर्स. आमचे आजोबा नगर जिल्ह्यातून महूला आले, मी वाढले इंदुरात. झारखंडच्या राजमहल डोंगरांत पहाडिया लोकांमध्ये नऊ वर्षं सहा जणांच्या गटात होते. परतल्यावर गेली काही वर्षं जाणाऱ्या गटांची तयारी करून घेते. म्हणून जे लिहिते ते राजमहलच्या डोंगरावरून लिहिते. खालव्याचं सगळंच तसं असेल असं नाही. तुमची संस्था कशी आहे, गाव रस्त्यावर आहे की आत, तुमच्या गटात आधीची ओळख किती, यावर बरंच अवलंबून आहे. जिथे तुमच्या संस्थेतली जुनी माणसं माझ्यापेक्षा वेगळं सांगतील, तिथे त्यांचं ऐका.

आता ती ओळ. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये भारतात यायला निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी आधी नकार दिला होता. पदरात तान्हं मूल होतं. ऐन वेळी बहीण सोबत येते म्हणाली तेव्हा त्या कशाबशा तयार झाल्या. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला. त्यानंतर डोरोथींचं मन जे ढासळलं ते १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरलं नाही. १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे आणि पुढे नवा करार मराठीत आणणारे ते हेच कॅरी. त्यांच्या कामाचं ऋण मी मानते. पण शेजारच्या खोलीत त्यांची पत्नी काय भोगत होती तेही आपल्या तरुणांना सांगितलं पाहिजे, असं मला फार मनापासून वाटतं. "गेल्यावर रुळेल" हा निर्णय डोरोथींच्या वतीनेही दुसऱ्यांनीच घेतला होता.

म्हणून आधी कुरकुर कशाची आहे ते विचारा, आणि उत्तर देऊ नका, नुसतं ऐका. मुलीच्या शाळेची काळजी आहे का? सासू-सासऱ्यांचं कोण बघणार? चार परक्या माणसांबरोबर एका स्वयंपाकघरात राहायचं, स्वतःची खोली असेल की नाही? की त्यांना स्वतःला देवाचं बोलावणं वाटतच नाही, तुमच्या बोलावण्यामागे त्या येत आहेत? पहिल्या तिन्हींना उपाय आहेत. चौथ्याला एकच, थांबणं. एक वर्ष उशीर झाला तर कोरकू मुलं तिथेच आहेत, देवही तिथेच आहे. आणि पाळकसाहेबांसमोर, सगळ्या गटासमोर त्यांना विचारू नका. तिथे कोणतीही सून "हो" म्हणेल.

आता गटाकडे. आम्ही सहा जण निघालो तेव्हा सगळ्यांचं बायबल पक्कं, प्रार्थनेत एकमत, गायला बसलो की डोंगर दुमदुमायचा. दुसऱ्या पावसाळ्यात आमच्यातली सगळ्यांत लहान बहीण निघून गेली. कारण सांगितलं तब्येतीचं. खरं कारण पाणी होतं. झरा घरापासून उतारावर लांब. गावात पाणी बायकाच भरतात, म्हणून आमच्या भावांनी ते गृहीत धरलं. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, त्यांना दिसलंच नाही. मी रात्री बाळंतपणाला गेले की सकाळी सगळे हंडे त्या एकटीवर यायचे. पाच महिने ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. सेवेत असल्या गोष्टी बोलायच्या नसतात असं आम्हाला वाटायचं, आणि रोज संध्याकाळी एकमेकांसाठी प्रार्थना मात्र करत होतो. ती गेल्यावर कितीतरी दिवसांनी तिने पत्रात खरं लिहिलं. ते पत्र माझ्याकडे अजून आहे.

त्यानंतर आम्ही जी पद्धत घेतली ती आमची नव्हे, कॅरी आणि त्यांच्या सोबत्यांचीच आहे. १८०० मध्ये बंगालमधल्या श्रीरामपुरात (आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं) कॅरी, मार्शमन, वॉर्ड ही मंडळी कुटुंबांसकट एकत्र राहू लागली. जेवण एकत्र, पैसा एका पेटीत. घराचा कारभार पाळीपाळीने एकेकाकडे, महिन्याभरासाठी. आणि शनिवारची संध्याकाळ राखून ठेवलेली: आठवड्यात कोणाचं कोणाशी काही बिनसलं असेल ते त्या वेळी बोलायचं, मिटवायचं आणि पुन्हा एकमेकांवर प्रीती करण्याचं वचन द्यायचं. हे नियम त्यांनी भांडण झाल्यावर केले नाहीत. एकत्र राहायला लागतानाच केले. पुढे मागून आलेल्या तरुण मिशनऱ्यांचं जुन्यांशी पटलं नाही आणि ते कलकत्त्याला वेगळे झाले, हेही खरं. म्हणजे शनिवारची बैठक सगळं वाचवते असं नाही. पण आमच्या गटाचे उरलेले पाच जण पुढची सात वर्षं एकत्र राहिलो, आणि त्यात त्या शनिवारांचा वाटा मोठा आहे.

ती बैठक कशी घ्यायची? आमच्याकडे दिवा लावून सगळे जमिनीवर बसायचो. प्रार्थना शेवटी, सुरुवातीला नाही, कारण सुरुवातीला केली की तिच्यातूनच टोमणे सुटतात. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, आणि ती त्याच आठवड्यातली. ज्याच्याबद्दल आहे त्याने त्या रात्री खुलासा करायचा नाही, रविवारी करायचा. एका रात्रीच्या झोपेने पुष्कळ फरक पडतो. आणि इथलं बोलणं इंदूरच्या मंडळीला फोनवर सांगायचं नाही. या शेवटच्या नियमाबाबत मी कडक आहे. गटातला एक जण पाळकसाहेबांना रोज बातम्या देतो हे कळलं की उरलेल्यांची तोंडं बंद होतात.

निघण्याआधी पुढच्या गोष्टी कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. स्वयंपाक, पाणी, झाडलोट कोण कधी करणार, आणि यात भाऊही आले. प्रमुख कोण, त्याचा शब्द कुठे शेवटचा आणि कुठे नाही. तुम्ही नवरा म्हणून आणि प्रमुख म्हणून एकाच वेळी बोलू लागलात तर पत्नीला दाद मागायला जागा उरत नाही, म्हणून शक्य असेल तर प्रमुखपण दुसऱ्या कोणाकडे द्या. महिन्यात एक दिवस तुमच्या कुटुंबाचा, त्या दिवशी दारावर कोणी थाप मारायची नाही. आणि कोणाला मधेच परतायचं असेल तर कसं परतायचं. हे लिहायला लोक कचरतात, अपशकुन वाटतो. पण बायबलमधला योहान मार्क पंफुल्याहून मधेच परतला, आणि त्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात असा वाद झाला की दोघे वेगळ्या वाटांनी गेले. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात हे झाकलेलं नाही. पुढे तोच पौल तीमथ्याला कळवतो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. परतणाऱ्याला मान खाली न घालता परतता यावं अशी वाट आधीच ठेवा. आमच्या बहिणीला ती नव्हती, म्हणून तिला आजारपण सांगावं लागलं.

खालव्याची एक अडचण मला झारखंडात नव्हती. तुमचं ठिकाण जवळ आहे. आम्हाला शिप्रा एक्सप्रेसने आसनसोल गाठायचं, तिथून गाडी बदलायची, पुढे जीप, पुढे पायी. घरची आठवण आली तरी उठून जाता यायचं नाही. तुम्हाला सिमरोलचा घाट, बडवाह, मोरटक्क्याला नर्मदा, सनावद, खंडवा, आणि संध्याकाळच्या आत गाव. उलटही तसंच. मी जवळच्या ठिकाणी गेलेले दोन गट पाहिले. पहिल्या महिन्यात चुलतभावाचं लग्न, मग नाताळची तालीम, मग दात दुखला. सहा महिन्यांत ते गावात पाहुणे झाले होते. पहिले सहा महिने आजारपण आणि मृत्यू सोडून इंदूरला यायचं नाही असं ठरवा, आणि घरच्यांनाही तसं सांगा. सहा महिन्यांनी दोन आठवडे सगळ्यांनी एकत्र या.

जूनमध्ये निघण्याबद्दल माझं मत सांगते. निघण्याआधी सहाही जणांनी मुलीसह तिथे एक महिना राहून या, आणि तो महिना ऑगस्टचा घ्या, डिसेंबरचा नको. थंडीत कोणतंही आदिवासी गाव सुंदर दिसतं. पावसात चूल पेटत नाही, कपडे वाळत नाहीत, डास असतात, रस्ता चिखल होतो, आणि सहा माणसं एका छपराखाली कोंडली जातात. तुमच्या गटाची खरी परीक्षा तिथे होईल. म्हणजे निघणं वर्षभर पुढे जाईल हे मला कळतं. जाऊ द्या. शिवाय त्या भागातली बरीच कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर मजुरीला बाहेर पडतात, काही महाराष्ट्रात येतात, आणि होळीला परततात. होळी त्यांचा मोठा सण. मुलंही आईबापांबरोबर जातात. तुम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी वर्गांचं वेळापत्रक आखलं असेल तर रिकाम्या ओसरीवर बसाल. गावाचं वर्ष आधी समजून घ्या, मग तुमचं आखा.

भाषेबद्दल: "हिंदी येते, निमाडी समजते, चालेल" असं तुम्ही लिहिलं आहे. बाजारात चालेल. पण कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळी-मुंडारीची नातेवाईक. मराठी-हिंदीचा आधार तिच्या व्याकरणाला लागत नाही. पहाडियांची मालतो द्राविडी कुळातली, तिथे माझंही तसंच झालं होतं. मला ती एका आजीने शिकवली, बरबटीच्या शेंगा सोलताना. माझ्या चुकांवर ती हसायची आणि मग सगळं गाव हसायचं, आणि त्या हसण्यातून दारं उघडली. पहिले सहा महिने वर्ग नाहीत, कार्यक्रम नाहीत, फक्त भाषा आणि लोकांच्या शेतावर हात लावणं, असं करता आलं तर करा. पाठवणाऱ्या मंडळीला हे पटवणं अवघड जातं, कारण त्यांना महिन्याला अहवाल हवा असतो. पाळकसाहेबांशी हे आत्ताच बोलून घ्या.

आता कायदा, कारण यावर तुमच्या प्रश्नात एक अक्षर नाही आणि ते मला चिंतेचं वाटलं. मध्य प्रदेशात २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्य कायदा लागू आहे. बळजबरी, फसवणूक किंवा प्रलोभनाने धर्मांतर हा गुन्हा आहे, आणि प्रलोभनात भेटवस्तू, पैसा, नोकरी, शिक्षण, चांगल्या राहणीमानाचं आमिष हे सगळं येतं. धर्मांतराचा विधी करणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. स्त्रिया, अल्पवयीन मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत शिक्षा दोन ते दहा वर्षं. आणि धर्मांतर गैरमार्गाने झालं नाही हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे. तुम्ही आदिवासी भागात मुलांमध्ये आणि आजाऱ्यांमध्ये काम करणार आहात, तेव्हा संस्थेच्या वकिलांबरोबर सहाही जण एक दिवस बसा.

कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं: मदतीला अट जोडायची नाही. औषधाच्या पुडीबरोबर पत्रक नाही, वर्गात बसायला प्रार्थनेची सक्ती नाही. ज्याला तुमच्या प्रभूबद्दल कधीच काही विचारायचं नाही, त्याच्या मुलालाही तितक्याच मायेने दवाखान्यात न्यायचं. कोणी स्वतःहून विचारलं तर खरं सांगायचं, लपवायचं नाही. गेल्या गेल्या सरपंच, पटेल, ठाणं, शाळेचे मास्तर, आशाताई यांना भेटा, आपण कोण आणि कशाला आलो ते स्पष्ट सांगा, भाडेकरू म्हणून ठाण्यात नोंद करा. मुलांच्या बाबतीत आमचा नियम होता की कोणीही मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड बसणार नाही. हा नियम कोणावर संशय म्हणून नाही, मुलांच्या रक्षणासाठी आहे.

घरच्यांशी धोक्याबद्दलही बोला. इंदूरच्या माणसाला राणी मारिया हे नाव सांगायला नको. देवास जिल्ह्यात उदयनगरला सावकारी पाशात अडकलेल्या गरिबांबरोबर काम करणाऱ्या या सिस्टरला २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये मारलं गेलं. २०१७ मध्ये इंदूरलाच कॅथलिक चर्चने त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला क्षमा केली, त्यांच्या बहिणीने त्याला राखी बांधली. तुमच्यावर असं काही येईल असं मी म्हणत नाही. रस्त्यावरचा अपघात आणि मलेरिया यांची शक्यता फार जास्त आहे. पण तुमच्या आईवडिलांनी हे तुमच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि तुमच्या बरोबरच्या दोन बहिणींच्या आईवडिलांनी तर नक्कीच.

पैशाबद्दल थोडक्यात. अर्पणाची, म्हणजे देणगीची, वचनं पहिल्या वर्षी पाळली जातात, दुसऱ्या वर्षी आटतात. आमची पंधराव्या महिन्यात आटली. निघताना सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा, आणि परतल्यावर पुन्हा बसायला तीन महिन्यांचा वेगळा. तुमचा अमेरिकेतला मावसभाऊ तुमच्या खात्यावर कामासाठी पैसे पाठवणार आहे, ते थांबवा. नातेवाइकाने घरखर्चाला पाठवलेला पैसा वेगळा. संस्थेच्या कामासाठी विदेशी पैसा घ्यायला संस्थेची विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते, तो दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो, आणि २०२० पासून तो एका संस्थेने दुसरीला देताही येत नाही. एका चांगल्या हेतूच्या चुकीने संस्थेचं सगळं काम बंद पडू शकतं.

तब्येतीसाठी: निघण्याआधी सगळ्यांचं हिमोग्लोबिन, दात, डोळे, मुलीच्या लशी. जंगलपट्टीत ताप म्हणजे मलेरियाची तपासणी त्याच दिवशी, आशाताईंकडे किट असतं. तापावर गोळी घेऊन "उद्या बघू" म्हणणारा भाऊ आम्ही बेशुद्ध अवस्थेत खाटेवर टाकून डोंगर उतरवला होता. तुमच्या नर्स बहिणीला गाव डॉक्टर समजेल. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय ती इंजेक्शन देणार नाही हे गटाने आधीच ठरवून तिच्या पाठीशी उभं राहायचं. तिला एकटीला नकार द्यावा लागू नये.

आणि आता तुमची यादी. जनरेटर काढा, शेजाऱ्यांपासून तोडतो. सौर दिवे ठेवा. मच्छरदाण्या प्रत्येकी दोन, एक फाटतेच. कपड्यांचे चाळीस जोड वाटायला नेत आहात ते अजिबात नको, कारण वर लिहिलंच. हार्मोनियम न्या, ओलाव्यात खराब होईल, तरी न्या. पाण्यासाठी हंडे चार लिहिलेत, सहा करा, आणि त्यातले तीन भावांच्या नावाने.

तुमच्या पत्नीला हे उत्तर वाचून दाखवू नका. फोन त्यांच्या हातात द्या आणि बाहेर चक्कर मारून या. त्यांना काही विचारायचं असेल तर त्यांनी थेट मला विचारावं, मी त्यांना वेगळं लिहीन.